कमी खर्चात शॉर्टफिल्म करणाऱ्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यापीठात शिकताना, स्वतःच्या आणि चार मित्रांच्या खिशातून पैसे गोळा करून फिल्म करू पाहणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. अशा फिल्ममध्ये सगळ्यात मौल्यवान असतो तो फुकट काम करायला आलेल्या माणसांचा वेळ. पुढची बहुतेक उत्तरं तो वाया जाऊ नये म्हणूनच दिली आहेत.

पैसे नाहीत. मग कथा कशी निवडायची?

कथा आधी लिहून मग लोकेशन शोधत फिरण्याऐवजी उलट्या बाजूने सुरुवात करा. हक्काने मिळणाऱ्या गोष्टींची यादी काढा. कुणाची गच्ची दोन दिवस मिळेल, कुणाच्या घरात जुनी शिलाई मशीन आहे, कुणाची आजी कॅमेऱ्यासमोर न बुजता बोलते, कोण खरोखर चांगलं पोहतं. रॉबर्ट रॉड्रिग्ज यांनी 'एल मारियाची' (१९९२) हा पूर्ण लांबीचा चित्रपट असाच लिहिला. मित्राच्या नातेवाइकांकडे बार आणि बस होत्या, मित्राचा एक कुत्रा होता, कुणाला तरी सापडलेलं एक कासव होतं. हे सगळं मिळणार हे ठरल्यावर त्यांनी पटकथा त्याभोवती रचली आणि पडद्यावर ते सगळं आलं.

यादी झाली की त्यातून दोन माणसं, एक जागा आणि एक अडचण निवडा. उदाहरणार्थ, भाड्याची खोली सोडताना दोन रूममेट सामान वाटून घेत आहेत, एका वस्तूवर दोघांचाही हक्क आहे आणि खोलीची चावी तासाभरात परत द्यायची आहे. ही फिल्म एका खोलीत, दोन कलाकारांवर, दिवसाच्या उजेडात होते. अडचण खरी आहे, वेळेचं दडपण आहे आणि नातं कसं होतं हे सांगायला वस्तू हाताशी आहेत.

पहिल्या फिल्ममध्ये काही गोष्टी मुद्दाम टाळा: गर्दी, पाऊस, रात्रीचं उघड्यावरचं शूटिंग, हॉस्पिटल, पोलिस ठाणं, वीस वर्षांपूर्वीचा काळ. या प्रत्येकाला पैसा लागतो, आणि तो नसला की प्रेक्षकाला पहिल्या फ्रेममध्ये कळतं. 'शेवटी सगळं स्वप्नच होतं' हा शेवट आणि पिस्तूल रोखून उभा राहिलेला खलनायक यांपासूनही दूर राहा. निवड करणाऱ्यांपुढे अशा फिल्म्सचा ढीग असतो. तुमच्या वर्गातल्या बाकी कुणालाच माहीत नसलेली एखादी गोष्ट तुम्हाला जवळून माहीत असते: घरातला एखादा व्यवसाय, एखादा आजार, एखादा अबोला. तिथे कथा शोधा.

फिल्म किती मिनिटांची असावी?

ऑस्कर पुरस्कार देणाऱ्या अकादमीच्या नियमानुसार श्रेयनामावली धरून ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट ठरतो. पण नियमात बसतं म्हणून तेवढी लांबी करू नका. पहिल्या फिल्मसाठी पाच ते आठ मिनिटं पुरेशी आहेत. नेहमीच्या मांडणीत टाइप केलेल्या पटकथेचं एक पान पडद्यावर साधारण एक मिनिट चालतं, तेव्हा पटकथा सहा-सात पानांची झाली की थांबा.

फेस्टिव्हलमध्ये एका खेळात अनेक फिल्म्स एकामागून एक दाखवतात. सहा मिनिटांची फिल्म कुठेही बसते. बावीस मिनिटांच्या फिल्मसाठी निवड करणाऱ्याला तीन दुसऱ्या फिल्म्स सोडाव्या लागतात, म्हणजे ती तिघींपेक्षा चांगली असावी लागते.

टीममध्ये किती जण लागतात?

कॅमेऱ्यामागे पाच ते सात. दिग्दर्शक, कॅमेरा सांभाळणारा, साउंड सांभाळणारा, असिस्टंट डायरेक्टर, आणि कपडे, वस्तू व कंटिन्युइटी (एका शॉटमधलं सगळं पुढच्या शॉटशी जुळतंय ना ते) बघणारं एक माणूस. याहून जास्त आले तर त्यांना काम पुरत नाही, ते गप्पा मारतात आणि त्या गप्पा माइकमध्ये येतात.

यातलं सर्वांत दुर्लक्षित पद असिस्टंट डायरेक्टरचं. हातात घड्याळ आणि कागद घेऊन 'या शॉटला अजून दहा मिनिटं, मग पुढे' असं स्पष्ट म्हणू शकणारं माणूस इथे हवं. हे काम दिग्दर्शकाने स्वतःकडे घेतलं की तो कलाकाराकडे बघायचं सोडून वेळेकडे बघत राहतो. आणि स्वतःच्या पहिल्या फिल्ममध्ये स्वतःच मुख्य भूमिका करू नका. टेक चांगला झाला की नाही हे त्या क्षणी बघणारं कुणीच उरत नाही.

कलाकार म्हणून मित्रांना घेतलं तर चालेल का?

चालेल, पण ऑडिशन घेऊन. मित्र म्हणून भूमिका देऊन टाकली की नंतर बदलता येत नाही. विद्यापीठाच्या नाट्यमंडळात, हौशी रंगभूमीवर काम करणारे अनेक जण कॅमेऱ्यासमोर काम करायला उत्सुक असतात. रंगभूमीवरच्या नटाला एकच गोष्ट सांगावी लागते: शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची गरज नाही, माइक हातभर अंतरावर आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तालीम. क्रिस्टोफर नोलन यांचा 'फॉलोइंग' (१९९८) जवळपास वर्षभर मुख्यतः शनिवारी शूट झाला, कारण सगळे जण आठवडाभर नोकरी करत. फिल्मचं रीळ हाच मोठा खर्च होता, म्हणून प्रत्येक सीनची इतकी तालीम केली गेली की एक-दोन टेकमध्ये काम भागे. आज मेमरी कार्डवर कितीही टेक घेता येतात, म्हणून विद्यार्थी तालीमच करत नाहीत आणि सेटवर चौदाव्या टेकला सीन समजून घेत बसतात. तोवर उजेड सरकलेला असतो, नट थकलेला असतो. शक्य असेल तर तालीम खऱ्या लोकेशनवर करा आणि फोनवर ती शूट करून जोडून बघा. कुठला संवाद नको, कुठे नजर पुरते, हे त्या कच्च्या जोडकामातच दिसतं.

संवाद पाठ नसतील तर शूट पुढे ढकला. इथे संकोच नको.

मोबाइलवर शूट केलं तर लोक हसतील का?

नाही. शॉन बेकर यांचा 'टँजरीन' (२०१५) आयफोन ५एसवर चित्रित होऊन सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. मात्र त्यात फोनवर जोडलेली खास लेन्स होती, एक्स्पोजर, म्हणजे चित्र किती उजळ यावं ते, हाताने ठरवणारं ॲप होतं आणि साउंड वेगळ्या, चांगल्या साधनांवर घेतलेला होता. फोन चालतो, पण फोनने आपणहून घेतलेले निर्णय चालत नाहीत.

म्हणजे काय करायचं? फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर शॉटच्या मध्येच चित्र उजळतं-काळवंडतं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार चित्राचे रंग ठरवणारी सेटिंग, लॉक करा. एकाच सीनमधल्या दोन शॉट्समध्ये चेहरा एकदा पिवळा आणि एकदा निळा दिसला की ते नंतर जुळवायला दिवस जातो. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं घेतली जातात तो आकडा, २४ किंवा २५ ठेवा आणि संपूर्ण फिल्मभर तोच ठेवा. शटरचा वेग फ्रेम रेटच्या साधारण दुप्पट, म्हणजे १/५० सेकंदाच्या आसपास असला की हालचाल डोळ्यांना ओळखीची वाटते. त्यासाठी उन्हात लेन्ससमोर एनडी फिल्टर लागतो, म्हणजे फक्त उजेड कमी करणारी गडद काच.

घरातले काही दिवे कॅमेऱ्यात लुकलुकतात. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे शटर १/५० किंवा १/१०० ठेवला, आणि ६० हर्ट्झची असेल तिथे १/६० किंवा १/१२०, की बहुतेक वेळा हे थांबतं. तरीही थांबलं नाही तर दिवा बदला.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. बरेच फोन फ्रेम रेट स्थिर ठेवत नाहीत, तो कमी-जास्त होत राहतो. साउंड वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल तर लांब शॉटमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून सुटतात. फ्रेम रेट स्थिर ठेवणारं ॲप वापरा, किंवा एडिटच्या आधी हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून फुटेज स्थिर फ्रेम रेटला बदलून घ्या.

साउंडवर सगळे एवढा भर का देतात?

कारण चित्र थोडं हललं, थोडं अंधारं आलं तर प्रेक्षक ती शैली समजून घेतो. संवाद ऐकू आला नाही तर तो फिल्म सोडून देतो. विद्यार्थ्यांच्या फिल्म्स बहुतेक वेळा इथेच मार खातात, आणि वाईट याचं वाटतं की हे टाळणं स्वस्त आहे.

माइकचा दर्जा महत्त्वाचा आहेच, पण माइक तोंडापासून किती लांब आहे हे त्याहून महत्त्वाचं. कॅमेऱ्यावर बसवलेला महागडा माइक दोन मीटरवरून खोलीचा घुमारा पकडतो. साधा माइक लांब काठीवर लावून फ्रेमच्या किंचित वर, तोंडाकडे वळवून धरला तर आवाज स्वच्छ येतो. यालाच बूम म्हणतात, आणि ती धरायला हात न थकणारं, संवाद पाठ असलेलं माणूस लागतं. वाइड शॉटमध्ये बूम दिसत असेल तर कॉलर माइक कपड्यात लपवा. कॉलर माइक नसेल तर कलाकाराच्या खिशात दुसरा फोन ठेवून त्यावर रेकॉर्डिंग करा आणि कापड माइकवर घासत नाही ना, हे आधी ऐकून बघा.

लोकेशन बघायला जाल तेव्हा मिनिटभर डोळे मिटून ऐका. फ्रिज, पंखा, लिफ्ट, शेजारचं बांधकाम, शाळेची घंटा. फ्रिज बंद करावा लागला तर गाडीची किंवा घराची चावी त्या फ्रिजमध्ये ठेवून द्या, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय कुणी घरी जाणार नाही. रिकाम्या खोलीत आवाज घुमत असेल तर फ्रेमबाहेर जाड चादरी, गाद्या, पडदे लावा.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला ठेवा. साधं बोलणं रेकॉर्डरच्या आवाज दाखवणाऱ्या मीटरवर उणे १८ ते उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या, म्हणजे कुणी अचानक ओरडलं तरी आवाज फाटणार नाही. फाटलेला आवाज नंतर पूर्ण नीट होत नाही, हळू आलेला वाढवता येतो. हेडफोन न लावता रेकॉर्डिंग करू नका.

प्रत्येक लोकेशन सोडण्याआधी सगळ्यांना जागच्या जागी थांबवून त्या जागेची शांतता मिनिटभर रेकॉर्ड करा. हा रूम टोन. एडिटमध्ये दोन संवादांच्या मधली जागा पूर्ण नि:शब्द ठेवली तर आवाज तुटल्यासारखा वाटतो. ती जागा रूम टोनने भरतात. एखादा संवाद विमानाच्या आवाजात बुडाला असेल तर कॅमेरा बंद करून, कलाकाराला तिथेच बसवून, तो संवाद त्याच लयीत तीन-चारदा रेकॉर्ड करून घ्या. दोन आठवड्यांनी त्याच भावनेने तो म्हणणं फार अवघड जातं.

लाइट्स भाड्याने घेणं परवडत नाही. काय करावं?

खिडकी वापरा. खिडकीकडून येणारा मऊ उजेड चेहऱ्यावर एका बाजूने पडेल असं कलाकाराला बसवा आणि दुसऱ्या बाजूला फ्रेमबाहेर पांढरा थर्माकोल किंवा पांढरी चादर धरा. सावली किती गडद हवी हे चादर जवळ-लांब करून ठरवता येतं. छतावरची ट्यूबलाइट आधी बंद करा. वरून येणारा सपाट उजेड डोळ्यांखाली खड्डे पाडतो, आणि खिडकीचा उजेड निळसर (साधारण ५६०० केल्विन; केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) असताना पिवळा बल्ब (साधारण ३२०० केल्विन) चालू राहिला तर चेहऱ्यावर दोन रंग येतात. तसं मुद्दाम हवं असेल तर गोष्ट वेगळी.

दिवा वापरत असाल तर एक गणित उपयोगी पडतं. लहान दिव्याचं अंतर दुप्पट केलं की उजेड चौपटीने कमी होतो. म्हणून लहानसा एलईडी चेहऱ्याजवळ ठेवला तरी पुरतो, आणि मागची भिंत आपोआप अंधारात जाते.

खिडकीची अडचण एवढीच की सूर्य सरकतो. आदल्या दिवशी त्या खोलीत बसून उजेड किती वाजता कुठे असतो ते लिहून ठेवा. आधी त्या उजेडातले सगळे वाइड शॉट्स संपवा, क्लोजअप नंतर घ्या, कारण क्लोजअपमध्ये चादरीने आणि छोट्या दिव्याने उजेड जुळवता येतो.

एका दिवसात किती शूट होतं?

नव्या टीमने तीन, फार तर चार पानं धरावी. आठ मिनिटांच्या फिल्मला दोन-तीन दिवस. लोकेशन बदलण्यात निम्मा दिवस जातो, म्हणून एका दिवसात एकच लोकेशन ठेवा.

आदल्या रात्री सगळ्यांना कॉलशीट पाठवा. कुणी किती वाजता कुठे यायचं, कुठला सीन, कुठले कपडे, जवळचं हॉस्पिटल कुठलं, जेवण किती वाजता. जेवण वेळेवर आणि पोटभर द्या. फुकट काम करणाऱ्या माणसाला तुम्ही एवढंच देऊ शकता, आणि त्यात काटकसर केली की तिसऱ्या दिवशी निम्मी टीम येत नाही. रात्री पॅकअप आणि सकाळी हजेरी यांत किमान दहा-बारा तास ठेवा. थकलेला मित्र रात्री दुचाकीवरून घरी जाणार आहे, हे वेळापत्रक लिहितानाच आठवा.

शॉट्सची यादी करताना प्रत्येक शॉटपुढे 'हवाच' किंवा 'जमला तर' असं लिहा. दिवस हातातून जायला लागला की काय सोडायचं याची चर्चा करावी लागत नाही.

१८० अंशांचा नियम पाळायलाच हवा का?

बोलणाऱ्या दोघांमध्ये एक काल्पनिक रेष धरा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा. मग एक जण नेहमी डावीकडे बघेल, दुसरा उजवीकडे, आणि ते एकमेकांकडे बघत आहेत हे प्रेक्षकाला पटेल. नियम मोडता येतो, पण आधी तो पाळून एक सीन नीट जमवा.

परवानगी न घेता पटकन शूट करून निघालं तर?

खासगी जागेत मालकाची लेखी परवानगी घ्या, साधा कागद पुरतो: तारीख, वेळ, काय शूट होणार, सही. सार्वजनिक जागेत नियम जागेगणिक वेगळे असतात, त्यामुळे त्या जागेचा कारभार ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारा. विद्यापीठाच्या आवारात विभागाचं पत्र घेऊन गेलात तर काम लवकर होतं. प्रत्येक कलाकाराकडूनही चेहरा आणि आवाज वापरायची लेखी संमती पहिल्याच दिवशी घ्या, अल्पवयीन असेल तर पालकांची. फेस्टिव्हलने ही कागदपत्रं मागितली तर दोन वर्षांनी माणसं शोधत फिरणं फार जड जातं.

परवानगीत सुरक्षाही आली. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात परवानगी नसताना रेल्वेच्या पुलावर शूटिंग चालू होतं, गाडी आली आणि २७ वर्षांच्या एका कॅमेरा असिस्टंटचा त्यात मृत्यू झाला. दिग्दर्शकाला तुरुंगवास झाला. ते व्यावसायिक युनिट होतं. रेल्वेरूळ, कठडा नसलेली गच्ची, खोल पाणी, धावती गाडी, खरी आग हे विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये नकोच. गाडीतला संवाद उभ्या गाडीत, खिडकीबाहेरचा उजेड हलवून घेता येतो. खेळण्यातलं पिस्तूल लांबून खरंच दिसतं, त्यामुळे ते उघड्यावर बाहेर काढायचं असेल तर पोलिसांना आणि आसपासच्यांना आधी कळवा.

मारहाणीचे किंवा शारीरिक जवळिकीचे सीन असतील तर प्रत्येक हालचाल आधी बोलून, ठरवून घ्या. ठरलं त्यापलीकडे टेकमध्ये काहीही करायचं नाही. कलाकार 'नको' म्हणाला तर तिथे थांबायचं आणि सीन बदलायचा.

थोडेसेच पैसे आहेत. कशावर खर्च करू?

या क्रमाने: जेवण आणि प्रवास, साउंड, मग एक ज्यादा हार्ड डिस्क, मग खोलीची सजावट. कॅमेरा भाड्याने घेणं सगळ्यात शेवटी. पांढऱ्या रिकाम्या भिंतीसमोर कुठलाही कॅमेरा गरीब दिसतो. त्याच भिंतीला रंग दिला, जुनं कॅलेंडर लावलं, तिथे राहणाऱ्या माणसाच्या वस्तू ठेवल्या की फोनवरही ती खोली घर वाटते.

आणि पैसे पूर्णच संपले तर स्वरूप बदलून बघा. क्रिस मार्कर यांचा 'ला जेते' (१९६२) हा २८ मिनिटांचा लघुपट जवळजवळ पूर्णपणे स्थिर छायाचित्रं आणि निवेदन यांवर उभा आहे. छायाचित्रं, निवेदन आणि विचारपूर्वक केलेला साउंड एवढ्यावर फिल्म होते.

शूट केलेलं फुटेज उडालं तर?

तसं होऊ नये म्हणून तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. कार्ड तिथल्या तिथे पुसून परत वापरू नका. प्रती उघडून, मधूनमधून बघून मगच पुसा. जागेचा अंदाज असा लावा: कॅमेरा १०० मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाने रेकॉर्ड करत असेल तर तासाला सुमारे ४५ जीबी.

एडिट कशात आणि कसं करावं?

डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती एडिट, रंग आणि साउंड या तिन्हीला पुरते. संगणक जुना असेल तर केडेनलाइव्ह हलकं पडतं. ४के फुटेज अडकत असेल तर प्रॉक्सी, म्हणजे कमी आकाराच्या प्रती बनवून त्यांवर काम करा. ४के मध्ये फुल एचडीच्या चौपट पिक्सेल असतात, संगणक दमणं साहजिक आहे.

सॉफ्टवेअरपेक्षा क्रम महत्त्वाचा. आधी सगळं फुटेज बघा आणि नोंदी करा. मग संगीत न लावता रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं जोडकाम, करा. संगीत आधीच घातलं की सीन चालतोय असा भास होतो, प्रत्यक्षात गाणं चालत असतं. रफ कट पटकथा न वाचलेल्या तीन-चार जणांना दाखवा आणि 'आवडली का' असं विचारू नका. 'कुठे कंटाळा आला?', 'तो दार का उघडतो, काय वाटलं?' असं विचारा. दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं की तिथे काहीतरी बिघडलंय हे नक्की, मग त्यांनी सुचवलेला उपाय बरोबर असो वा नसो.

कापताना सगळ्यात अवघड जातो तो शॉट ज्यासाठी सर्वांत जास्त कष्ट घेतले. शक्य असेल तर एडिट सेटवर नसलेल्या माणसाला द्या. तो शॉट मिळवायला किती तास गेले हे त्याला माहीत नसतं, त्यामुळे तो फक्त पडद्यावरचं बघतो. कट पक्का झाल्यावरच रंग आणि साउंडला हात घाला, नाहीतर एक फ्रेम हलवली की सगळं पुन्हा करावं लागतं.

आवडतं गाणं ३० सेकंद वापरलं तर चालतं ना?

नाही. '३० सेकंदांपर्यंत मोकळीक' असा सरसकट नियम कुठेच नाही. गाण्याला दोन वेगळे हक्क असतात, रचनेचा आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. शंभर-दोनशे वर्षांपूर्वीची रचना हक्कमुक्त असली तरी गेल्या वर्षी केलेलं तिचं रेकॉर्डिंग हक्कमुक्त नसतं.

क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचं संगीत मोफत मिळतं, पण परवान्यातली अक्षरं नीट वाचा. 'बीवाय' असेल तर श्रेय देऊन वापरता येतं. 'एनसी' म्हणजे व्यावसायिक वापर नाही, त्यामुळे उद्या फिल्म विकता येणार नाही. 'एनडी' असेल तर वापरूच नका: संगीत हलत्या चित्राला जुळवणं हे या परवान्यांत रूपांतर धरलं जातं आणि 'एनडी' रूपांतराला मनाई करतो. 'एसए' असेल तर तुमची फिल्मही त्याच परवान्याखाली द्यावी लागते.

माझं मत विचाराल तर विद्यापीठाच्या संगीत विभागात जा. फिल्मसाठी संगीत करू इच्छिणारे विद्यार्थी तिथे असतात आणि त्यांनाही स्वतःचं काम दाखवायला काहीतरी हवं असतं. त्यांच्याशीही लेखी करार करा.

फिल्मचा मालक कोण? विद्यापीठ की आम्ही?

विद्यापीठाचे नियम वाचा. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, विद्यापीठाच्या साधनांवर केलेल्या फिल्मवर काही संस्था हक्क सांगतात, काही सांगत नाहीत. शूटच्या आधी विभागाकडून लेखी उत्तर घ्या. टीममध्येही ठरवून टाका: हक्क कुणाच्या नावे, बक्षीस मिळालं तर वाटणी कशी, कुणाचं नाव कुठल्या कामासाठी येणार. मैत्री पक्की असतानाच हे बोलणं सोपं असतं.

आधी ऑनलाइन टाकू की फेस्टिव्हलला पाठवू?

आधी फेस्टिव्हल. काही महोत्सव ऑनलाइन सर्वांना खुली झालेली फिल्म घेत नाहीत, काहींना त्यांच्या देशातला पहिला खेळ हवा असतो. तोपर्यंत पासवर्ड असलेली खासगी लिंक ठेवा.

सगळीकडे अर्ज करण्यात प्रवेश फीचेच पैसे फार जातात. आठ-दहा महोत्सव निवडा. विद्यार्थी विभाग असलेले, फी नसलेले किंवा विद्यार्थ्यांना सवलत देणारे आधी घ्या. फ्रान्समधला क्लेरमाँ-फेराँ आणि जर्मनीतला १९५४ पासून चालत आलेला ओबरहाउजेन हे खास लघुपटांचे जुने महोत्सव आहेत. कान महोत्सवात 'ला सिनेफ' हा विभाग फिल्म स्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. इथे स्पर्धा तीव्र असते, म्हणून यादीत त्यांच्यासोबत लहान महोत्सवही ठेवा. लहान ठिकाणी खेळानंतर प्रेक्षकांशी निवांत बोलता येतं. काही महोत्सव फक्त नावाला असतात: फी घेतात, दर महिन्याला ढीगभर पुरस्कार जाहीर करतात, पण थिएटर कुठलं हे कुठेच लिहिलेलं नसतं. अर्ज करण्याआधी गेल्या वर्षीचं वेळापत्रक शोधा.

अर्जासोबत इंग्रजी सबटायटल्स लागतात. एका वेळी दोनच ओळी, आणि वाचून होईल एवढा वेळ त्या पडद्यावर राहू द्या. शब्द न शब्द उतरवण्याऐवजी त्या माणसाला काय म्हणायचंय ते उतरवा. ही सबटायटल्स वेगळ्या एसआरटी फाइलमध्येही (ओळी आणि त्यांच्या वेळा असलेली साधी मजकूर फाइल) ठेवा, म्हणजे दुसऱ्या भाषेत करायची वेळ आली तर फिल्म पुन्हा एक्स्पोर्ट करावी लागत नाही. एक-दोन चांगली स्थिरचित्रंही लागतात. ती शूटच्या दिवशीच कुणाला तरी काढायला सांगा, कारण फिल्ममधून काढलेली फ्रेम छापील माहितीपत्रकात बहुधा धूसर येते.

थिएटरमध्ये दाखवायची आहे. फाइल कुठली द्यायची?

थिएटर डीसीपी (डिजिटल सिनेमा पॅकेज, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरसाठीचा फाइल-संच) मागतात. डीसीपी-ओ-मॅटिक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती घरच्या संगणकावर बनते. सगळीकडे बिनधोक चालणारा वेग २४ फ्रेम्सचा आहे. २५ ला शूट केलं असेल तर थिएटरला तसं विचारून घ्या. खेळाच्या आधी त्याच पडद्यावर पाच मिनिटं चालवून बघा: सबटायटल्स कापली जात नाहीत ना, अंधारे सीन दिसतात ना, आणि संवाद मधल्या स्पीकरमधून येतात ना. सोबत पेन ड्राइव्हवर साधी एमपी४ प्रतही ठेवा.